बत्तीस घरांचं एक आवर्तन

राजपालकाकांचं तोंड उघडं होतं. तोंडात एक आरसा, एक टोकदार सळई आणि लाळ ओढणारी नळी असं सगळं एकाच वेळी होतं. आणि नेमकं तेव्हाच त्यांना एक प्रश्न विचारायचा होता.

दवाखाना उमरग्यातला, हायवेला लागून असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. खाली ट्रकच्या टायरचं दुकान, वर डॉ. भाग्यश्री सलगर यांची दातांची खुर्ची. मशिनचा आवाज ऐकून पेशंटला घाम फुटू नये म्हणून डॉक्टरबाई कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरवर काहीतरी लावून ठेवत. त्या दिवशी गाणं नव्हतं. नुसता सॅक्सोफोन होता, मागं पियानो, आणि ढोलावर कुणीतरी काठ्यांऐवजी केरसुणी फिरवत असल्यासारखा आवाज.

"आँ... आँ आँ," राजपालकाका म्हणाले.

"दुखतंय का, काका?"

मान हलली, नाही म्हणून. मग एक बोट स्पीकरकडं गेलं.

"बंद करू?"

काकांनी खुर्चीत आडवं पडल्या पडल्या दोन्ही हात जोडले.

नळी निघाली तशी त्यांनी चूळसुद्धा भरली नाही. "डॉक्टरबाई, ते कोण वाजवायलंय?"

"नाव माहीत नाही हो. हैदराबादला कॉलेजात असताना मैत्रिणीनं दिलेली फाईल आहे. ट्रॅक झिरो सेव्हन. जॅझ म्हणतात याला."

"त्यो माणूस आधी चाल वाजवतो. मग चाल सोडून भलतीकडंच जातो. आन् बरोबर टायमाला वापस येतो. कसा येतो?"

"काका, आधी तुमच्या दातांचं सांगू का?"

दातांचं सांगणं चांगलं नव्हतं. वरचे पुढचे दोन दात हलत होते आणि त्यांच्या मुळाशी हाड उरलं नव्हतं. ते वाचणार नव्हते. दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबलं तर शेजारचेही जातील, असं डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवलं. राजपालकाका एक्स-रेकडं बघत राहिले. सॅक्सोफोनचं तोंड ज्या दातांवर टेकतं तेच हे दोन.

"नवे बसवल्यावर वाजवता यील?"

भाग्यश्रीला खोटं बोलता येत नसे. तिचा बाप वाशी तालुक्यात मेंढरं राखत आला होता, आणि मेंढरू जगेल का मरेल हे त्या घरात स्पष्टच सांगितलं जाई. "येईल कदाचित. पण पहिल्यापासून शिकावं लागेल. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. किंवा नाहीही जमणार."

काकांनी जिभेनं ते दोन दात चाचपले. मग म्हणाले, "जयंती होऊ द्या. चौदा एप्रिलला म्या वाजवलो न्हाय असं एक साल न्हाय गेलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी काढा." आणि जिन्यात पोचल्यावर परत वर आले. "त्ये झिरो सेव्हन मोबाईलमधी टाकून देता का?"

राजपाल आबाराव बनसोडे हे नाव उमरग्यात दोन कामांसाठी माहीत आहे. दिवसा मोटार वायंडिंग, आणि लग्नसराईत धोंडप्पांच्या ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन. जळालेली पाण्यातली मोटार त्यांच्याकडं आली की ते आधी वही काढतात. किती स्लॉट, किती वेढे, कुठली कॉइल कुठल्या कॉइलला जोडलेली, याचा नकाशा काढल्याशिवाय जुन्या तारेला पक्कड लावत नाहीत. घाईचा माणूस समोर बसून कुरकुरतो. काका म्हणतात, "आधी बघू दे काय हुतं. मग तोडू." अशा वह्या त्यांच्याकडं एकतीस आहेत.

बँडमध्ये मात्र वहीचं काम नव्हतं. तिथं धोंडप्पांचा कायदा चाले: गाणं जसं आहे तसंच वाजलं पाहिजे, मुरकीसुद्धा सिनेमातल्यासारखी. पस्तीस वर्षांत राजपालकाकांनी किती वराती नाचवल्या याला हिशेब नाही, पण त्या पस्तीस वर्षांत स्वतःच्या मनानं त्यांनी आठ मात्रासुद्धा वाजवल्या नव्हत्या. एकदा मुरूमच्या वरातीत दोन ओळींच्या मध्ये त्यांनी जरा इकडून तिकडं फिरून यायचा प्रयत्न केला होता. नाचणारी पोरं थांबली होती आणि धोंडप्पा सगळ्यांसमोर आपल्या कानडी वळणानं म्हणाले होते, "येनप्पा राजप्पा, वऱ्हाडाला गाणं पायजे, तुझं डोकं न्हाय."

तेव्हा हसले होते ते. आता दवाखान्यातून घरी जाताना, मोटारसायकलवर, ते वाक्य त्यांना पहिल्यांदाच टोचलं. दोन महिने हातात होते. एक आवर्तन, फक्त एक, स्वतःचं. स्वतःच्या दातांनी.

घरी त्यांनी ट्रॅक झिरो सेव्हन लावला, सॅक्सोफोन काढला आणि कुठलाही शहाणा माणूस करील ते केलं: मोबाईलवर तंबोरा लावला. पेटीवर सूर शोधला. काळी पाच. सा धरला, तंबोरा त्यावर सोडला आणि वाजवायला बसले.

पहिला भाग बरा गेला. चालीच्या आजूबाजूला फिरता येत होतं. मग चाल मध्येच अशी काही वळली की काकांचं प्रत्येक बोट चुकीचं पडायला लागलं. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी ते वही घेऊन बसले आणि त्या अवघड जागेतले सूर एकेक करून लिहून काढले. तीव्र मध्यम. धैवत. कोमल रिषभ. शुद्ध गंधार. हे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"मारवा हाय गं, मालन!"

त्यांची बायको मालनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "बरं हाय मग. सापडला न्हवं?"

"सापडला." ते वाजवायला लागले, आणि थोडं पुढं गेल्यावर कोमल गंधार आला. मारव्यात कोमल गंधार कसा? मागोमाग कोमल धैवत. काकांनी सॅक्सोफोन खाली ठेवला. आठवडाभर त्यांनी ते सूर बसवायला नाना राग धुंडाळले. अर्ध्या वाटेवर प्रत्येक राग हात सोडून जाई. मागं तंबोरा एकसारखा घुमत असे, आणि त्यावर तो मधला भाग लग्नात घुसलेल्या परक्या पाहुण्यासारखा वाटे.

"अहो," आठव्या दिवशी मालनबाई म्हणाल्या, "त्यो भाग तुमी वाजवला का शेजारची शुभांगी लेकराला घरात नेती. काईतरी करा त्याचं."

पुढच्या गुरुवारी हिरड्यांची सफाई होती. चार वाजता दवाखाना रिकामा असे, म्हणून डॉक्टरबाईंनी तीच वेळ दिली होती. काकांनी खुर्चीत बसता बसता निकाल सांगून टाकला. "ते रेकॉर्डिंग खराब हाय, डॉक्टरबाई. मधल्या भागात त्यो माणूस बेसूर झालाय. पियानोवालाबी झालाय. दोघं एकदम."

भाग्यश्री इतकी हसली की तिला मास्क काढावा लागला. "काका, दोघं एकदम बेसूर होतील का? कॉर्ड बदललेत तिथं."

"कॉर्ड म्हंजे?"

"एकदम दाबलेले चार सूर," ती म्हणाली, पण तिला पूर्ण येत होतं असं नाही. होस्टेलात एका मैत्रिणीकडून ती कीबोर्ड शिकली होती, दोन वर्षं, आणि तिच्याच हौसेनं ही गाणी ऐकायला लागली होती. कॉर्डांची नावं ओळखता येत, हातात बसत. का, ते विचारलं तर अडत असे. तिनं टेबलावरचं पॅड ओढलं. पेशंटच्या दातांचा तक्ता असतो ते पॅड. वर सोळा घरं, खाली सोळा, मध्ये उभी रेघ. चार चौकटी, प्रत्येकीत आठ दात.

"हे बघा. या ट्यूनला बत्तीस घरं आहेत, चार-चार ठोक्यांची. मी मोजलीत. आठाचे चार भाग." ती लिहायला लागली. वरच्या उजव्या चौकटीत आठ घरं भरली. वरच्या डाव्यात पुन्हा तीच. "पहिले दोन सारखे. खालचा उजवा, म्हणजे शेवटचा, तोही तसाच. फक्त हा एक वेगळा आहे." तिनं खालच्या डाव्या चौकटीवर पेन टेकवलं. "तुम्ही अडता तो हाच."

काका तक्त्याकडं बघत राहिले. जळक्या मोटारीचा नकाशा बघावा तसे. "असं सरळ सांगा की मग. हे तर मोटारीचं स्टेटर हाय, वेढे भरतो ते. आठ-आठ स्लॉटचं."

तिनं लिहिलेली अक्षरं मात्र त्यांना कळेनात. सी मायनर सेव्हन. एफ सेव्हन. बी फ्लॅट. मग दोघांनी मिळून भाषांतर केलं. ती अक्षर सांगे, काका पेटीच्या पट्टीत सांगत. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच, म्हणजे आपला सा. एफ म्हणजे पांढरी चार, म्हणजे प. सी म्हणजे पांढरी एक, म्हणजे रे. तिनं पुढच्या गुरुवारी घरचा छोटा कीबोर्ड आणून एक्स-रेच्या कपाटावर ठेवला आणि कॉर्ड सुटे करून वाजवले. काकांनी एकेका घरात बारीक अक्षरात सूर भरले. पहिल्या घरात रे म ध सा. दुसऱ्यात प नी रे म. तिसऱ्या-चौथ्यात सा ग प नी. मग पुन्हा तेच चार.

"पुन्ना वाजवा," काका म्हणाले. "हळू."

तिनं हळू वाजवले. काकांनी डोळे मिटले.

"यातले बाकीचे सूर जाऊ द्या," ते थोड्या वेळानं म्हणाले. "दोनच ऐका. पहिल्या घरातला सा, दुसऱ्यात अर्धी पायरी खाली उतरून नी होतो. दुसऱ्यातला म, तिसऱ्यात अर्धी पायरी उतरून ग होतो. बस. तेवढीच जोडणी हाय. एका कॉइलचं शेवट दुसरीच्या सुरुवातीला." त्यांनी पेननं सा पासून नी पर्यंत आणि म पासून ग पर्यंत बारीक रेषा ओढल्या. "ह्या दोन तारा धरून चालायचं. मग मधी कुटंबी फिरा, हरवत न्हाय."

भाग्यश्रीनं त्या रेषा बघितल्या, पुन्हा कॉर्ड वाजवले, पुन्हा रेषा बघितल्या. "माझ्या मैत्रिणीनं हे दोन वर्षांत सांगितलं नाही."

"तिला मोटार बांधायला यीत नसंल."

वरच्या दोन चौकटी आठवड्याभरात काकांच्या बोटांत बसल्या. ते दुकानात, तारेचे वेढे घालता घालता, तोंडानं सा-नी, म-ग म्हणत. गिऱ्हाईकांना वाटे काका वेढे मोजतायत. खालच्या डाव्या चौकटीतही त्यांनी सूर भरले होते, पण तिथं रेषा ओढता येत नव्हत्या. कोमल, तीव्र, शुद्ध यांचा नुसता गोतावळा. तंबोरा लावून वाजवलं की सॅक्सोफोन गुणगुणे आणि जागचं काहीच हलत नसे. एक कॉइल उलटी जोडलेली मोटार करते तसं. आणि दात दुखायला लागले होते. अर्धा तास वाजवलं की वरच्या ओठाखाली ठणका सुरू होई. मार्च संपला होता.

उलगडा झाला तो मोटारीमुळंच. तुरोरीचा रेवणप्पा नावाचा शेतकरी बोअरची मोटार घेऊन आला. घरात तपासून, तारांना चिकटपट्टी लावून, वर पेननं लिहूनही आणलं होतं. तीन तारा. त्यातल्या एकीवर 'कॉमन', म्हणजे दोन्ही कॉइलींची सामाईक तार. काकांनी मीटर लावलं. कॉमनपासून पहिल्या तारेपर्यंत मोजलं, कॉमनपासून दुसरीपर्यंत मोजलं. आकडे वेड्यासारखे आले. कॉमनपासूनच्या दोन मापांची बेरीज उरलेल्या मापाएवढी यायला हवी, ती येईना.

"जळली का हो मोटार?" रेवणप्पा घाबरून म्हणाला.

"मोटार ठणठणीत हाय," काका म्हणाले. त्यांनी चिकटपट्टी ओढून काढली आणि दुसऱ्या तारेला लावली. तिथून मोजलं. दोन्ही आकडे शहाण्यासारखे आले आणि बेरीज जुळली. "तुमी कॉमन चुकीचं धरलंय. माप चुकीच्या जाग्यावरून घेतलं का..."

ते बोलायचे थांबले. मीटरच्या दोन्ही तारा हातात तशाच राहिल्या.

"काय झालं हो?"

"काय न्हाय. बसा. पाणी प्या." ते दुकानामागच्या घरात गेले, पेटी उघडली आणि मोबाईलवर सवयीनं लावलेला तंबोरा बंद केला. बंद करताना अंगठा जरा अडखळलाच; सा हलत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं इतकं ते आधीपासून माहीत होतं. मग त्यांनी खालच्या डाव्या चौकटीसाठी नवा सा धरला. पांढरी दोन. जुन्या घरातला जो ग, तोच इथला सा. आणि ते सगळे तीव्र-कोमल एका दमात सरळ झाले. रे म ध सा. प नी रे म. सा ग प नी. वरच्या चौकटीत होतं तेच. तीच मोटार, दुसऱ्या जागी ठेवलेली.

रेवणप्पाला पाऊण तास पाणी पीत बसावं लागलं.

गुरुवारी ही बातमी ऐकून भाग्यश्री खुर्चीच्या हातावरच बसली. तिला कॉर्डांची नावं सगळी माहीत होती. ती नावं म्हणजे तिथं घर बदललंय हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. आता परत कसं यायचं ते दोघांनी मिळून शोधलं. खालच्या डाव्यात सहा घरं तिकडची, शेवटची दोन परतीची. तिकडचा नी अर्धी पायरी खाली उतरला की तो आपला रे होतो, आणि परतीच्या पहिल्या घराचं बूड तोच रे. काकांनी तिथं जाड रेघ ओढली. "ह्ये दार," ते म्हणाले. "हितून आत."

"काका, तुम्ही दंतवैद्य व्हायला पाहिजे होतं. तक्ता किती नीट भरता."

"तुमी वायंडिंगला या. जागा हाय. आन् जयंतीनंतरच्या गुरुवारी कीबोर्ड तयार ठेवा, दात काढायच्या आधी एक आवर्तन हितंच वाजवतो."

जयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी चार तास वाजवलं. धोंडप्पांनी दरवर्षीसारखी पुढची जागा दिली. घरी आले तेव्हा सॅक्सोफोनच्या तोंडाला बांधलेल्या पत्तीवर रक्ताचा लाल ठिपका होता. मालनबाईंनी तो बघितला आणि मिठाचं कोमट पाणी आणून ठेवलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी नेता का सॅक्सो दवाखान्यात?"

"न्यावंच लागंल."

"मग आता हात लावू नका त्याला."

गुरुवारपर्यंतचे दोन दिवस काकांनी सॅक्सोफोनला खरंच हात लावला नाही. तक्ता समोर ठेवून नुसती बोटं हलवत राहिले. बोटं बरोबर जात होती. पण बोटं बरोबर जाणं आणि वाजवणं यात किती अंतर आहे, ते त्यांना पस्तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

गुरुवारी चार वाजता ते पेटारा घेऊन जिना चढले. बाकावर एकच पेशंट होती, नारंगवाडीची पार्वतम्मा. गाल सुजलेला, गालावर हात. तिला पाच वाजताचा नंबर होता, पण एसटी लवकर आली म्हणून लवकर येऊन बसली होती.

"ह्यो काय दवाखान्यात बँड आणलास, राजप्पा?" तिनं हात न काढता विचारलं. तिची नात धोंडप्पांच्याच बँडवर सासरी गेली होती, त्यामुळं ती काकांना ओळखत होती. "दात काढताना वाजवनार का?"

"काढायच्या आधी, आज्जी. नंतर वाजनार न्हाय."

भाग्यश्रीनं भुलीचं इंजेक्शन भरून तबकात ठेवलं होतं. कीबोर्ड कपाटावरून खाली उतरला होता. "आधी वाजवायचं," ती म्हणाली. "ओठ बधिर झाला तर फुंकर कुठं जाईल तुम्हालाही कळणार नाही. तयार?"

"एकदा चाल. मग माझं आवर्तन."

चाल झाली. ती काकांनी मुळात होती तशी वाजवली, धोंडप्पांनीही नावं ठेवली नसती. मग भाग्यश्रीनं पुन्हा पहिल्या घराचा कॉर्ड धरला आणि काका निघाले.

पहिल्या चार घरांत ते जपून होते. सा उतरून नी, म उतरून ग, नुसती कठड्याला धरून चालणाऱ्या माणसासारखी पावलं. पाचव्या घरात त्यांनी कठडा सोडला. म वरून सरळ ग वर न जाता ते वर गेले, वळले, खालून वळसा घालून आले आणि ग वर नेमक्या वेळेला उतरले. भाग्यश्रीची मान आपोआप हलली. दुसऱ्या चौकटीत त्यांनी तोच वळसा उलटा घेतला, मध्ये एका जागी थांबले, काहीच वाजवलं नाही, आणि ते थांबणंसुद्धा त्यांचंच होतं. खाली हायवेवर एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. काका त्याच्यावरून निघून गेले.

खालचा डावा आला. भाग्यश्रीनं कॉर्ड बदलला आणि तिला दिसलं की काकांचे डोळे घट्ट मिटले आहेत. पांढरी दोन. ते तिथं उतरले, आणि उतरल्यावर असं वाजवायला लागले की जणू तिथंच जन्मले. घाई नाही, चाचपडणं नाही. सहा घरं ते त्या नव्या सा भोवती फिरले. मग तिकडचा नी लांब धरला, तिनं परतीचा कॉर्ड धरला, नी अर्धी पायरी खाली सरकला आणि ते आपल्या रे वर आले. दारातून आत.

चोवीस घरं झाली. शेवटच्या चौकटीचा पहिला सूर त्यांनी घेतला आणि आवाज फाटला.

त्यांनी ओठ काढून पुन्हा लावले. पुन्हा फाटला. वरचा एक दात आत वळला होता; सॅक्सोफोनच्या काळ्या टोकावर रक्त दिसत होतं. भाग्यश्रीचा डावा हात उठला, पण काकांनी जोरात मान हलवली: थांबू नका. ती वाजवत राहिली. एक घर रिकामं गेलं. काकांनी सॅक्सोफोन गळ्यात तसाच लोंबता सोडला आणि गायला सुरुवात केली.

गळा काही फार मोठा नव्हता. जरा चिरका, तोंडात रक्त असल्यामुळं शब्द बोबडे. पण शब्द नव्हतेच. रे म ध, सा नी, हेच. दुसऱ्या घरापासून धरलेलं त्यांनी पाचव्यापर्यंत नेलं, तिथं एक अशी जागा घेतली जी बोटांनी कधी घेतली नव्हती, कारण ती सॅक्सोफोनवर अवघड पडते. सहाव्यात म. तो त्यांनी धरून ठेवला, भाग्यश्रीनं कॉर्ड बदलेपर्यंत, आणि मग सगळ्यांना वाटतं तसा सा वर न येता ग वर सोडून दिला. कॉर्ड विरेपर्यंत दोघंही हलले नाहीत.

"बत्तीस," भाग्यश्री म्हणाली.

"एक रिकामं गेलं," काका म्हणाले. "पंचविसावं."

"ते धरायचंच. तुम्ही मघाशीही एका जागी थांबला होता."

"ती जागा म्या सोडली हुती. ही सुटली." त्यांनी तळहातानं ओठ पुसला. "पुन्ना घेऊ."

"काका, दात लोंबतोय."

"दातानं न्हाय. तोंडानंच. वरचा दुसरा भाग मला पटला न्हाय. नुसतं उलटं केलं म्या, त्यात काय इशेष?"

दारात पार्वतम्मा येऊन उभी होती, गालावरचा हात तसाच. "काय ठरलं का न्हाय तुमचं? माझा गाल फुटायलाय."

"आज्जींना घ्या आधी," काका लगेच खुर्चीजवळून बाजूला झाले. "त्यांचं ठणकायलंय. माझं निघायचंय ते निघनारच हाय." डॉक्टरबाईंनी हातमोजे घातले, पार्वतम्माला आडवं केलं आणि काकांच्या हातात दुमडलेला कापूस दिला, दातांखाली धरायला. काकांनी कापूस घेतला, पण तोंडात नाही धरला. बाकावर बसून तक्त्याचा नवा कोरा कागद गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या घरापासून नवे सूर भरायला लागले.

पार्वतम्माची दाढ निघायला वीस मिनिटं लागली. मग भाग्यश्रीनं हातमोजे बदलले, दारातून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली, "राजपाल बनसोडे!"

काका मान खाली घालून अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होते. ऐकू गेलं नाही बहुतेक.

"काका, चला. सगळं तयार आहे."

"आलो, आलो," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. "खालच्या डाव्यात हाय. चार घरं राहिलीत, तेवढी संपवू द्या."

भाग्यश्रीनं घड्याळाकडं बघितलं. मग ती दाराला टेकून उभी राहिली आणि चार घरं संपायची वाट बघू लागली.